हिरडीच्या रंगाच्या चकत्या

मधल्या ढिगात जिंकण्यासारखं काहीच नव्हतं, आणि तरीही मुलीने आपल्या होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या चकत्या पुढे लोटल्या. टॅबच्या काचेवरून त्या घरंगळत मध्यभागी आल्या, खोटा खणखणाट झाला, आणि तिच्या बापाच्या हातातला मेण कोरायचा चाकू होता तिथेच थांबला. समोरच्या बाकावर कोणा एका सेवानिवृत्त गृहस्थांची खालची कवळी अर्धवट होऊन पडली होती. गुलाबी मेणाच्या हिरडीत दात बसवले होते, फक्त सुळ्यांपाशी मेण थोडं जाड राहिलं होतं, ते तो खेळता खेळता खरवडत होता. रविवारी सकाळी तो असाच खेळायचा. एक डोळा पत्त्यांवर आणि एक डोळा कोणाच्या तरी जबड्यावर. त्या खेळात तेवढ्याने भागत होतं, कारण तिथे कधीच काही घडत नसे. काही घडू नये म्हणूनच तो खेळ चालला होता. त्याने चाकू खाली ठेवला, बोटांना लागलेलं मेण एप्रनला पुसलं आणि टॅब जवळ ओढला. त्याच्या चित्राभोवतीचं हिरवं कडं बारीक होऊ लागलं होतं. कडं संपलं की यंत्र आपणहून त्याचे पत्ते टाकून देणार होतं.

चित्र कवळीचं होतं आणि नावही ‘कवळी’ असंच होतं. ते मुलीने दिलेलं. ती घरात होती तेव्हा एका दुपारी तिने त्याच्या मांडीवर टॅब ठेवला होता आणि म्हणाली होती, “बाबा, आता प्लॅस्टरच्या धुळीत बसून पिसायला नको. हे स्वतःच पिसतं.” स्वतःचं नाव तिने ‘पडका दात’ ठेवलं होतं, आणि चित्र म्हणून हसणाऱ्या दुधाच्या दाताचं एक चित्र. पैशांचा प्रश्न नव्हता, त्या चकत्यांना बाहेरच्या जगात कवडीची किंमत नव्हती. दोघांपुरती एक बंद खोली तिने तयार केली, आणि विचार करायला किती वेळ द्यायचा असं यंत्राने विचारलं तेव्हा तिथला सगळ्यांत मोठा आकडा निवडला. “बाबाला प्रत्येक गोष्टीला वेळ लागतो,” असं ती आईला ओरडून म्हणाली होती, आणि स्वयंपाकघरातून बायको म्हणाली होती, “मला मागणी घालायला किती लागला ते विचार.” त्या दुपारी ते तिघं किती हसले होते. आता तेच कडं त्याच्या चित्राभोवती संथपणे झिजत होतं, आणि त्याला वाटलं, या वेळेचं मोजमाप तिने तेव्हा घेऊन ठेवलं होतं, जसं आपण माणसाच्या तोंडात लगदा भरून साचा घेतो तसं. माणूस निघून जातो, साचा बाकावर राहतो.

मुलगी घर सोडून गेली त्याला आता बराच काळ झाला होता. भांडण झालं नव्हतं. भांडण झालं असतं तर एक दिवस ते मिटलं असतं. ती गेली, आईशी फोनवर बोलत राहिली, आणि त्याच्याशी बोलणं नुसतंच थांबलं, नळ कोणी बंद न करताच पाणी जावं तसं. मग एका रविवारी टॅबवर अक्षरं उमटली: ‘पडका दात तुम्हाला खेळायला बोलावत आहे.’ बायकोला हाक मारायची सोडून त्याने आधी दार लोटून घेतलं होतं. त्या दिवसापासून हा तास सुरू झाला. लिहायची सोय होती, पण त्याने कधी काही लिहिलं नाही आणि तिनेही नाही. फक्त पत्ते. लहान चाल, लहान उत्तर, पुन्हा लहान चाल. कोणी बोलून ठरवलेलं नव्हतं, पण दोघांपैकी कोणाच्याही चकत्या संपू द्यायच्या नाहीत हे ठरून गेलं होतं, कारण एकाच्या संपल्या की खेळ संपणार होता. तिच्याकडे थोड्याच उरल्या की तो चांगले पत्ते मुकाट्याने टाकून द्यायचा. आणि त्याच्याकडे कमी उरल्या की तीही तेच करत असावी, असा त्याला संशय होता. तो संशय त्याने पुष्कळ जपला होता. आठवडाभर इतरांचे दात घासताना, त्यांना चकाकी आणताना तो संशय काढून बघायचा आणि परत ठेवून द्यायचा.

“अहो, लेक गेली का खेळून?” बायकोने आत डोकावून विचारलं. तिच्या हातात ओला फडका होता.

“तिने सगळं लावलं.”

“सगळं म्हणजे?”

“म्हणजे सगळं. ढिगात काही नसताना.”

“मग लावू दे की. तिचंच आहे.” ती जवळ आली, टॅबवर वाकली, तिला त्यातलं काही कळत नव्हतं. “हे हिरवं काय कमी कमी होतंय?”

“वेळ.”

“तुमचं बाकी कमाल आहे. मुलीला फोन लावायचं म्हटलं की तुमचा जीव जातो, आणि तिच्या चकत्यांचा अर्थ लावायला आख्खा रविवार पुरत नाही.”

“तुला काही बोलली का ती? या आठवड्यात?”

“बोलली.” बायको सरळ झाली. “पण तुम्हाला सांगायचं ते तिचं ती सांगेल. मी काय तुमच्या दोघांमधली तार आहे? इकडून ओढा, तिकडून ओढा.” दारापाशी जाऊन ती वळली, आवाज जरा खाली आणून म्हणाली, “घाबरण्यासारखं काही नाही. एवढंच सांगते.”

घाबरण्यासारखं काही नाही असं तो स्वतःही लोकांना सांगत असे, कवळी पहिल्यांदा तोंडात बसवायच्या आधी. ज्यांच्यासाठी तो कवळ्या करायचा ते दातांचे डॉक्टर कधी कधी त्याला दवाखान्यात बोलावून घेत, तेव्हा. त्याने पत्ते पाहिले. त्याच्या हातात इस्पिकची राणी आणि चौकटची अठ्ठी. मध्ये दोघांसाठी पाच पत्ते उघडे पडले होते: बदामाची राणी, किलवरची सत्ती, इस्पिकची तिर्री, चौकटची दश्शी आणि शेवटी किलवरची तिर्री. तिर्र्यांची जोडी दोघांचीही, म्हणजे त्याची स्वतःची अशी राण्यांची जोडी होती. एरवीच्या रविवारी ती पुरून उरली असती. पण अनपेक्षित मोठ्या चालीपुढे असा हात विचित्र होऊन बसतो. मोठी चाल कधी मधल्या हाताची नसते. एक तर समोरच्याकडे गच्च भरलेला हात असतो, नाही तर काहीच नसतं. राण्यांची जोडी त्यातल्या रिकाम्या हाताला हरवते आणि भरल्या हातापुढे हरते. तेव्हा आपले पत्ते बघण्यात अर्थ उरत नाही, माणूस बघावा लागतो. हे त्यानेच तिला शिकवलं होतं. ‘तो किती लावतोय ते पाहू नकोस,’ तो म्हणायचा, ‘तू काय करावंस असं त्याला वाटतंय, ते बघ. तू पत्ते टाकून जावंस असं वाटतंय, की तेवढ्याच चकत्या लावून यावंस असं?’

तेव्हा टॅब नव्हता. चकत्या त्याने स्वतः केल्या होत्या, कवळ्यांच्या उरल्यासुरल्या प्लॅस्टिकच्या मसाल्यातून. हिरडीच्या गुलाबी मसाल्याच्या लहान, दाताच्या पांढऱ्या मसाल्याच्या मोठ्या, आणि प्रत्येकीला तो खऱ्या कवळीसारखी चकाकी आणायचा. मुलगी त्या गालाला लावून त्यांचा गारवा बघायची. शाळेतून आली की दप्तर टाकून थेट या खोलीत, या बाकाखालच्या स्टुलावर. घरात एक नियम होता: ज्याच्या चकत्या संपतील त्याने उठून सगळ्यांसाठी चहा ठेवायचा. दूध पिण्याच्या वयात तिला तो चहा मिळत नसे, पण हरली तर ठेवायला मात्र लागायचा, आणि ती चिमटीने मोजूनमापून पत्ती टाकायची, जशी काही औषध करते आहे. दुसरा नियम त्याचा एकट्याचा होता आणि त्याबाबत तो कडक होता. मोठ्या चालीला घाबरून जो पत्ते टाकील, त्याला दुसऱ्याचे पत्ते बघायला मिळणार नाहीत. मुलीला हे सहन व्हायचं नाही. तिने पत्ते टाकलेले असायचे, ढीग त्याने ओढून घेतलेला असायचा, आणि ती विचारत राहायची, काय होतं बाबा, सांग ना, खरं होतं की फसवलंस. एकदा तिने त्याच्या पालथ्या पत्त्यांची कड नखाने उचलायचा प्रयत्न केला, तर त्याने वरून तळहात दाबला. तिची बोटं त्याच्या तळव्याखाली सापडली. “बघायचं असेल तर यावं लागतं,” तो म्हणाला होता आणि पत्ते गड्डीत मिसळून टाकले होते. ती रडली. बायको म्हणाली, “दाखवले असते तर काय झिजला असतात?” त्या पत्त्यांत काय होतं हे आता त्यालाही आठवत नव्हतं. तळव्याखाली सापडलेल्या त्या बोटांची ऊब मात्र आठवत होती, पक्ष्याची छाती धडधडावी तशी.

कडं अर्ध्यावर आलं होतं. खिडकीखालच्या गल्लीत कोणीतरी सायकलची घंटी उगाच वाजवत होतं. त्याला वाटलं, असंच होतं तेव्हाही. संध्याकाळच्या जेवणाच्या टेबलावर, काहीच चालू नसताना, वाटाण्याएवढ्या गोष्टींवर बोलणं चाललेलं असताना मुलगी म्हणाली होती, “बाबा, मी कॉलेज सोडतेय.” दातांच्या डॉक्टरकीचं तिसरं वर्ष होतं. आयुष्यभर तो डॉक्टरांच्या मागच्या खोलीत बसून दात करत आला होता, आणि पुढच्या खोलीत एक दिवस ती बसेल, हे त्याने कधी बोलून दाखवलं नसलं तरी घरातल्या भिंतींनासुद्धा माहीत होतं. बायकोच्या हातातला डाव भांड्यातच राहिला. त्याने मुलीकडे पाहिलं. ती शांत खेळणारी होती, उगाच मोठी चाल लावणाऱ्यांतली नव्हती. आणि अशा माणसाने एकदम सगळं पुढे लोटलं तर त्याच्याकडे खरंच असतं, त्याच्याशी झुंजायचं नसतं, हे शहाणपण त्याच्या हाडीमाशी मुरलेलं होतं. म्हणून तो म्हणाला, “ठीक आहे. विचार करून ठरवलं असशील.” आणि पाण्याचा तांब्या आपल्याकडे ओढला. “एवढंच?” तिने विचारलं. “एवढंच,” तो म्हणाला. त्याला वाटलं होतं, आपण समजूतदारपणा केला. ओरडलो नाही, अडवलं नाही, तिच्या निर्णयाचा मान ठेवला. ती बराच वेळ त्याच्याकडे बघत होती. पुढे बॅग भरून गेली तेव्हा तिने आईला सांगितलं, आणि आईने ते त्याला सांगायचं टाळत टाळत अखेर सांगितलंच: “बाबाने ‘का’ असंसुद्धा विचारलं नाही गं.”

का ते त्याला अजूनही माहीत नव्हतं. एवढंच ठाऊक होतं की दूरच्या एका शहरात ती लहान मुलांना पोहायला शिकवते. बायको दोनदा जाऊन आली. येताना ती बारीकसारीक तपशील घेऊन यायची आणि तो मान खाली घालून, दात घासत, एकही निसटू न देता ऐकायचा. केस कानापर्यंत कापलेत. अंगाला तलावातल्या औषधाचा वास येतो, कितीही साबण लावला तरी. गळ्यात शिट्टी असते, झोपतानाच काढते बहुतेक. पोरं तिला घाबरत नाहीत पण ऐकतात. या एवढ्या मसाल्यातून त्याने मनात एक मुलगी घडवली होती. काठावर उभी, गुडघ्यांवर हात ठेवून वाकलेली, शिट्टी ओठांत. पण चेहरा काही केल्या बसत नव्हता; जवळ जावं तर टॅबवरचा तो दुधाचा दात समोर यायचा. माणसाचं तोंड न बघता त्याचा जबडा करायची त्याला सवय होती. साच्यावरून भागायचं. हसताना हा मनुष्य कसा दिसेल याचा विचार करायची गरज पडत नसे. आपल्या मुलीच्या बाबतीतही आपल्याला तेवढंच उरलं आहे, असं त्याला वाटलं.

तो चालीकडे परतला. तू जावंस असं वाटतंय की यावंस असं? तिला हा खेळ संपवायचा असावा, एवढं उघड होतं. त्याने पत्ते टाकले तर खेळ चालू राहील. चार-दोन चकत्या जातील, पुढचे पत्ते येतील, लहान चाल, लहान उत्तर. रविवार शाबूत राहील. आणि दोघांकडच्या चकत्या आज सारख्याच असल्याने, तो आला तर एकाच्या सगळ्या संपणार, खोली बंद होणार. तिच्याकडे भरलेला हात आहे याची त्याला खात्री होती. ती खोटं लावत नाही. लहानपणी तिने दोन-तीनदा प्रयत्न केला होता, तेव्हा तिचे कानच लाल व्हायचे. म्हणजे कोणत्याही बाजूने बघितलं तरी पत्ते टाकायचे, हेच बरोबर होतं. तेव्हाही बरोबर होतं. त्याचं बोट आपसूक डाव्या बाजूच्या बटणाकडे गेलं, आणि तिथे, काचेपासून केसभर वर, थांबलं.

तेव्हाही बरोबर होतं. मुलीच्या हातात काय आहे ते त्याने त्या टेबलावर अचूक ओळखलं होतं. खरं आहे हे ओळखलं, आणि म्हणूनच पाहिलं नाही. खोटं असेल तरच बघायला जायचं, खरं असेल तर मान तुकवून पत्ते टाकायचे. खेळात याला शहाणपण म्हणतात. पण ज्याच्याकडे खरंच काही आहे, ज्याने ते किती तरी दिवस एकट्याने हातात धरून ठेवलं आहे, त्यालाही कोणीतरी येऊन बघावं असं वाटत असेल की. हरायला का होईना, कोणीतरी यावं. आपण टाकून दिले आणि तिचे पत्ते पालथेच राहिले, इतके दिवस. त्याला एकदम तीव्र इच्छा झाली, जिंकायची नव्हे, खेळ वाचवायचीही नव्हे, फक्त बघायची, त्या पत्त्यांची कड नखाने उचलायची, जशी तिला व्हायची, रडू येईपर्यंत. कड्याचा हिरवा रंग जाऊन लाल झाला. त्याने उजवं बटण दाबलं.

तिचे पत्ते उलटले. बदामाची सत्ती, इस्पिकची सत्ती. मधल्या सत्तीसह तीन सत्त्या आणि दोन तिर्र्या. गच्च भरलेला हात. त्याच्या चकत्या एका लाटेसारख्या तिकडे निघून गेल्या. ‘कवळी’ या नावापुढे शून्य आलं आणि खोली करड्या रंगाची झाली. तो त्या दोन पत्त्यांकडे बघत राहिला. किती साधे होते. यंत्राने ते मिटवून टाकेपर्यंत त्याने ते बघून घेतले, आणि त्याला जे वाटलं ते हरल्यासारखं नव्हतं. तो उठला. गुडघे आखडले होते. स्वयंपाकघरात जाऊन त्याने पातेलं घेतलं, पाणी घातलं, गॅस पेटवला.

“हे काय?” बायको म्हणाली. “आज सूर्य कुठे उगवला?”

“संपल्या माझ्या.”

तिला कळायला क्षण लागला. मग ती ओट्यापासून बाजूला झाली आणि पत्तीचा डबा त्याच्यापुढे सरकवला. त्याने खिशातून फोन काढला. मुलीचा क्रमांक त्यात होता, फक्त त्यावर त्याने कधी बोट ठेवलं नव्हतं. आज ठेवलं. फोन वाजत राहिला. मग पलीकडे एक मोठी, घुमणारी जागा उघडली; पाण्याचा आवाज, फरशीवर आपटणारी लहान अनवाणी पावलं, कोणाची तरी किंकाळी.

“हरलो,” तो म्हणाला. “चहा ठेवतोय.”

मग तिचा आवाज आला, होता तसाच, जरा बसलेला. “एका राणीवर कोणी येतं का, बाबा? तूच शिकवलंयस ना.”

“तुझ्याकडे खरं आहे हे माहीत होतं मला.”

“मग आलास कशाला?”

“बघायला.”

पाणी उकळायला लागलं. बायको पाठमोरी उभी होती, मघाशीच पुसलेला ओटा पुन्हा पुसत होती.

“पुढच्या रविवारपासून मला जमणार नाही,” मुलगी म्हणाली. “म्हणून सगळं लावलं. असंच गुपचूप यायचं बंद करायला नको वाटलं. रविवारची बॅच आजपासून सुरू होतेय, आज पहिला दिवस म्हणून जरा उशिरा. लहान आहेत अगदी. पाण्यात तोंड घालायलासुद्धा घाबरतात.”

“मग कसं घालायला लावतेस?”

विचारून झाल्यावर त्याला कळलं की आपण विचारलं. पलीकडे ती हसल्यासारखं झालं, की नाकाने श्वास घेतला, ते त्या घुमणाऱ्या आवाजात नीट समजलं नाही. कोणीतरी तिला हाक मारत होतं, ताई, ताई. शिट्टी एकदा वाजली, इतक्या जवळून की त्याने फोन कानापासून दूर धरला आणि लगेच परत घट्ट लावला.

“ते फोनवर नाही सांगता येत,” ती म्हणाली. “बघायचं असेल तर यावं लागतं.”

चहा वर आला होता. बायकोने हात लांब करून गॅस बारीक केला.

“किती वाजता असते बॅच?” त्याने विचारलं.